सापडलेले रुग्ण आणि असलेले रुग्ण

डेंग्यूच्या रुग्णांचा आकडा चढला की आपण धास्तावतो, उतरला की निर्धास्त होतो. हा आकडा डासांइतकाच तपासण्यांवरही अवलंबून असतो, हे मात्र कोणी सांगत नाही. कर्नाटकाने 2024 मध्ये डेंग्यूला साथरोग म्हणून अधिसूचित केले, चाचण्यांचे दर बांधून दिले. अशा निर्णयांनंतर नोंदी वाढल्या तर आजार वाढला की नजर सुधारली? संख्याशास्त्राच्या मदतीशिवाय याचे उत्तर मिळत नाही. कोविडच्या काळात बंगळुरूने ते शोधून दाखवले होते. सप्टेंबर 2020च्या राज्यव्यापी सर्वेक्षणात भारतीय विज्ञान संस्था आणि भारतीय सांख्यिकी संस्था यांचे बंगळुरूतील गणितज्ञ सहभागी होते. त्या महिन्याच्या मध्यापर्यंत नोंदलेले रुग्ण पाच लाखांच्या आत होते, सर्वेक्षणाचा अंदाज 1.93 कोटी बाधितांचा निघाला. म्हणजे एका नोंदीमागे सुमारे चाळीस बाधित.

हा अंदाज नुसत्या गुणाकाराने येत नाही, कारण चाचणीही चुकते. समजा, एखादी चाचणी शंभर बाधितांपैकी नव्वद ओळखते आणि शंभर निरोगी माणसांपैकी दोघांना उगाच बाधित ठरवते. हजार लोकांत 30 जण पॉझिटिव्ह आले, तर त्यांतले वीसेक जण बाधित नसतातच. खरे बाधित अकराच्या आसपास, आणि त्यांतलाही एखादा निसटलेला. आजार विरळ असताना ही चूक सर्वांत मोठी होते, आणि नेमके तेव्हाच साथ ओळखायची असते.

यावर रास्त आक्षेप असा की, अशा अंदाजांतही एकमत होत नाही. कर्नाटकातच जून ते ऑगस्ट 2020 मधल्या दुसऱ्या अभ्यासाने 46.7 टक्के लोकांत प्रतिपिंडे असल्याचे म्हटले. सप्टेंबरच्या सर्वेक्षणात हे प्रमाण, चालू संसर्ग धरूनही, 27.3 टक्केच होते. तफावत मोठी आहे, ती झाकू नये. पण चाचणी वेगळी, नमुना निवडण्याची रीत वेगळी, हे उघड असल्यामुळे त्यावर वाद घालता येतो. नुसता रोजचा आकडा आपली त्रुटी सांगतच नाही. त्याच्याशी वाद घालायचा कशाच्या आधारे? एका आकड्याऐवजी दोन टोके दिली तर लोक गोंधळतील, ही भीतीही मला पटत नाही. निवडणुकीच्या अंदाजातली ‘अमुक ते तमुक जागा’ ही भाषा वाचकाला नीट कळते. आरोग्य खात्याने डेंग्यूच्या प्रत्येक आकड्यासोबत किती तपासण्या झाल्या, किती प्रयोगशाळांनी माहिती दिली आणि खरी संख्या कोणत्या दोन टोकांमध्ये असावी, हे छापावे. पुढचा पावसाळा येण्याआधी हे सुरू व्हायला हवे.