ट्रॅक सोडा, काका!

परवा सकाळी चहा पिता पिता पेपरचं आतलं पान उलटलं आणि थबकलो. गावातल्या एका ॲथलेटिक्स क्लबच्या पोरापोरींचा फोटो होता. राज्य पातळीवरच्या स्पर्धेतून पदकं घेऊन आले म्हणून. फोटो नेहमीसारखाच. मधोमध खुर्चीत पाहुणे, त्यांच्या दोन्ही बाजूंना आणखी पाहुणे, आणि ज्यांनी पदकं मिळवली ती पोरं मागच्या रांगेत टाचा उंचावून उभी. बातमीत पाहुण्यांची नावं आधी, पोरांची नंतर, आणि त्यांच्या सरांचं नाव अगदी शेवटी, "मार्गदर्शन लाभले" या ठरलेल्या शब्दांत.

पण मी थबकलो ते त्यासाठी नाही. मागच्या रांगेत डावीकडून दुसरा जो काळासावळा, किडकिडीत पोरगा उभा होता, त्याला मी ओळखत होतो. चार वर्षांपूर्वी मी त्याच्यावर खेकसलो होतो.

झालं होतं असं. डॉक्टरांनी रक्तातली साखर बघून मला रोज पाऊण तास चालायला सांगितलं. आमच्या भागात चालायला फुटपाथ नाही (ज्यांच्या भागात आहे त्यांनी जपून ठेवावा). म्हणून मी आणि माझे दोन मित्र घराजवळच्या मैदानावर जायला लागलो. तिघं शेजारी शेजारी, ट्रॅकच्या अगदी आतल्या बाजूने, महागाई, जावई आणि महापालिका या तीन विषयांवर बोलत. एके दिवशी मागून आवाज आला, "ट्रॅक! ट्रॅक!" आम्हाला काय कळणार? आम्ही तसेच चाललो. मग अगदी कानाशी, धापा टाकत, "ट्रॅक सोडा ना, काका!" आणि बारा-तेरा वर्षांचं ते पोरगं आम्हाला वळसा घालून पुढे गेलं. मी मागून ओरडलो, "अरे, मोठ्या माणसांशी बोलायची ही पद्धत आहे का? मैदान काय तुझ्या एकट्याचं आहे?"

पोरगं थांबलं नाही. थांबले ते त्यांचे सर. माझ्याजवळ आले, नमस्कार केला आणि म्हणाले, "काका, तो चारशे मीटर वेळ लावून पळत होता. तुम्ही बाहेरच्या लेनमधून चाललात तर तुमचंही चालणं जास्त होईल." त्यांनीच मग समजावलं. ट्रॅकची फेरी चारशे मीटरची असते ती फक्त सगळ्यात आतल्या लेनमध्ये. आठव्या लेनमधून तीच फेरी मारली तर सुमारे ५३ मीटर जास्त पडतात. म्हणजे पळणाऱ्याला आतली लेन हवी, आणि साखर उतरवायची असलेल्याला बाहेरची. इतकं सरळ गणित. पण आम्ही तिघं कित्येक महिने उलटे वागत होतो आणि आमच्यासारखे पन्नास-साठ जण अजूनही वागतात.

फोटो बघून आनंद झाला, खोटं कशाला बोलू. चार लोकांना फोन करून सांगितलंही, "आपल्या मैदानावरचा पोरगा आहे." फोन ठेवल्यावर मात्र ते "आपल्या" टोचायला लागलं. त्याच्या यशात माझा वाटा काय? तर त्याची एक फेरी मी खराब केली होती.

आता जरा मोठ्या नावांकडे येतो. आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला (माझ्या तोंडात अजून जुनंच नाव येतं, सवय जायला वेळ लागतो) तेजस शिरसे ११० मीटर अडथळ्यांची शर्यत पळतो. ही शर्यत टीव्हीवर सोपी दिसते. साडेतीन फूट उंचीचे दहा अडथळे, दोन अडथळ्यांमध्ये ९.१४ मीटर अंतर, आणि तेवढ्यात बरोबर तीन पावलं टाकून पुन्हा उडी. चौथं पाऊल पडलं की शर्यत संपली म्हणून समजा. २२ मे २०२४ ला फिनलंडमधल्या युवास्कुला इथे तेजसने ही शर्यत १३.४१ सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला. आधीचा विक्रम सिद्धांत थिंगलयाचा होता, २०१७ सालचा, १३.४८. फरक सात शतांश सेकंदांचा. आपली पापणी एकदा लवायला याहून जास्त वेळ लागतो. त्या सात शतांशांसाठी सात वर्षं गेली.

आणि त्याच वर्षी पॅरिस ऑलिम्पिकसाठी थेट पात्रतेची वेळ होती १३.२७. ती गाठता आली नाही, पॅरिस हुकलं. कमी पडले ते चौदा शतांश. पुढे २०२५ ला टोकियोच्या जागतिक स्पर्धेत तो उतरला. पण २०२४ च्या त्या मे महिन्यात "आपला तेजस" म्हणणारे आपण तो पळायला तयार होतो कुठे हे विचारत नाही. तेव्हा तो तयार होत होता भुवनेश्वरला, जेम्स हिलियर या परदेशी प्रशिक्षकाच्या हाताखाली. ओडिशाने मैदान उभं केलं, एका कंपनीने पैसे घातले, आणि विक्रमाची बातमी आपण आपल्या गावच्या पानावर छापली. यात तेजसचं काही चुकलं नाही, त्याने जायलाच हवं होतं. मी विचार करतोय तो मागे राहिलेल्या मैदानाचा.

अविनाश साबळेचं काय वेगळं आहे? बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. लहानपणी शाळा सहा किलोमीटरवर, तो चालत-पळत जायचा. बारावी झाल्यावर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनमध्ये राहिला. आणि पळण्याच्या स्पर्धांकडे वळला तो २०१५ मध्ये, सैन्याच्या क्रॉस कंट्रीतून! म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षी.  पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंद, आणि सोनं हुकलं ते फक्त पाच शतांशांनी. तरी १९९४ नंतर या शर्यतीत पदक मिळवणारा केनियाबाहेरचा तो पहिलाच. २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०२४ ला पॅरिसमध्ये थेट अंतिम फेरी. या शर्यतीत सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारावी लागते. आष्टीसारख्या दुष्काळी तालुक्यातल्या पोराला एवढं पाणी एका जागी बघायला परदेशात जावं लागलं, असं आमचा एक मित्र म्हणतो. विनोद बरा आहे, पण मला हसू येत नाही.

मग प्रश्न येतो, गावात राहून होतच नाही का? होतं की. नाशिककडे बघा. विजेंद्रसिंग नावाचे प्रशिक्षक वर्षानुवर्षं तिथे ठाण मांडून राहिले. भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर सकाळ-संध्याकाळ. त्यांच्याकडे सावरपाड्याची कविता राऊत घडली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य. बरं, ती एकटी नाही. संजीवनी जाधव त्याच गटातली, २०१७ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पाच हजार मीटरचं कांस्य मिळवणारी. मोनिका आथरे त्याच गटातली, २०१७ लाच लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन पळालेली. एक पळाली तर योगायोग म्हणू, पण तीन पळाल्या तर कुणीतरी रोज पहाटे मैदानावर हजर असतं, एवढाच त्याचा अर्थ. आणि पहिलीला पदक मिळालं की दुसरीच्या आईला घरात बाजू मांडायला मुद्दा मिळतो.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. विद्यापीठाच्या आवारात साईचं केंद्र आहे, गारखेड्याला विभागीय क्रीडा संकुल आहे. पहाटे विद्यापीठाच्या रस्त्याने लेण्यांकडे जा, पळणाऱ्यांची रांग दिसते. त्यात निम्मी पोरं पोलिस भरतीची. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. आमच्या गप्पांत कुणीतरी नाक मुरडतंच, "ही काय खेळासाठी थोडीच पळतात? नोकरीसाठी पळतात." अहो, मग? साबळे सैन्यात कशासाठी गेला होता? सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे गुण मिळतात, म्हणून आईबाप पोरांना पाठवतात. ज्यांच्या घरी दोन एकर कोरडवाहू आहे त्यांनी निव्वळ आनंदासाठी पळावं, ही अपेक्षा आपण एसीत बसून करू नये.

आणि आता संकुलाचं. लिहावं की नाही असा विचार केला, पण टाळलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. डिसेंबर २०२४ मध्ये या विभागीय क्रीडा संकुलाच्या खात्यातून साडेएकवीस कोटींहून जास्त रुपये परस्पर वळवल्याचं प्रकरण उघडकीस आलं. महिना तेरा हजार पगार असलेल्या एका कंत्राटी कर्मचाऱ्यावर गुन्हा दाखल झाला. खरंखोटं कोर्ट ठरवेल. पण त्या आठवड्यात गावात चर्चा कशाची होती? गाडी कुठली घेतली, फ्लॅट केवढा, कुणासाठी. मीही चवीने चघळलं सगळं. ट्रॅकवर चालता चालता, म्हणजे अगदी त्याच जागेवर, जिथे पोरं फाटक्या बुटांनी पळत होती. एवढा पैसा मैदानाच्या नावावर होता हे आम्हाला तो गेल्यावर कळलं! असताना कुणी विचारलं नाही की बाबा, मुलींना कपडे बदलायला खोली का नाही, संध्याकाळी दिवे का नाहीत. आम्हाला मैदान आपलं वाटायचं ते फक्त चालायला.

तसं या गावाचं मैदानांशी नातं जुनं आणि मजेदार आहे. खडकेश्वरचं सांस्कृतिक मंडळाचं मैदान म्हटलं की कुणालाही खेळ आठवत नाही, सभा आठवतात. जिल्हा परिषदेच्या मैदानावर फटाक्यांचा बाजार भरायचा, २०१६ च्या दिवाळीत तो सगळाच्या सगळा पेटला. सभा हव्यात, फटाकेही विकले जावेत, माझी तक्रार नाही. पण पोरांची वेळ कुठली, हे कुठल्याच फलकावर लिहिलेलं नसतं.

माझं म्हणणं फार मोठं नाही. क्लबच्या पोरांचा सत्कार करताना नारळ-शाल कमी करा आणि एक छापील कागद वाचून दाखवा. या वर्षी मैदानाला किती पैसे आले, किती गेले, किती पोरं आली आणि गेल्या वर्षीची किती टिकली. शेवटचा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पदकं तिघांनाच मिळतात. पण त्या शर्यतीत चौथा आलेला पुढच्या जूनमध्ये मैदानावर परत येतो का, यावर पुढच्या पदकाचं ठरतं. माझ्या बहिणीची मुलगी विभागीय स्पर्धेत आठशे मीटरला चौथी आली होती. पेपरात पहिल्या तिघींची नावं. दहावीचं वर्ष म्हणून ताईने बंद केलं, आणि मीच तेव्हा म्हणालो होतो, "बरं केलंस." आता ती पुण्याला नोकरी करते, छान चाललंय. पळण्याचा विषय निघाला की बोलत नाही.

असो. चालणाऱ्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे, मी अजून त्यांच्यातलाच. आमच्या मधुमेहाने कुठे जायचं? रस्त्यावर गेलो तर टँकर अंगावर येतो. म्हणून भांडण पोरं आणि म्हातारे यांच्यात लावू नये. आतल्या दोन लेन त्यांच्या, बाहेरच्या आमच्या, एवढा चुन्याने लिहिलेला बोर्ड पुरे. आमच्या मैदानावर तो आम्हीच तिघांनी लिहिला. दोन पावसाळ्यांत पुसून गेला, परत लिहिला.

फोटो आल्यावर दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेलो. पोरगा होता, पदक घरी ठेवून आलेला. अभिनंदन केलं तर लाजला, मी कोण ते त्याला आठवत नव्हतं (बरंच झालं). सरांकडे त्या दिवशी माणूस कमी होता, म्हणून त्यांनी माझ्या हातात स्टॉपवॉच दिलं. "काका, शिट्टी वाजली की दाबा, आणि त्याची छाती रेषेवर आली की दाबा." सोपं वाटलं. शिट्टी वाजली, आणि मी त्याच्या पायांकडे बघत राहिलो. बटण दाबलं ते तो दहा पावलं पुढे गेल्यावर.

पोरगा फेरी संपवून वाकून उभा राहिला, गुडघ्यावर हात, धाप लागलेली. "किती आले, काका?"

मी खरं ते सांगितलं. त्याने सरांकडे बघितलं, सरांनी माझ्याकडे. मग पोरगा म्हणाला, "पाच मिनिटं थांबा. परत लावू."