दिवा विझवू नका, कोड मागा



कापूस जिनिंगला न्यायचा, पीयूसीची मुदत संपत आलेली आणि डिझेल पिकअपचा इंजिनाचा दिवा पेटलेला. गॅरेजवाला म्हणतो, 'सेन्सर गेला.' आपण मुकाट्याने पैसे मोजतो. ग्रेडरने कापूस हलका ठरवला तरी आपण असेच गप्प बसतो.

दिवा पेटतो तेव्हा गाडीच्या संगणकात कोड नोंदलेला असतो. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला यंत्र जोडले की तो दिसतो. पी०४०१ घ्या. धुराचा काही भाग इंजिनात परत नेणाऱ्या ईजीआर वाटेने पुरेसा धूर जात नाही, एवढेच तो सांगतो. कोणता भाग गेला ते सांगत नाही. व्हॉल्व्ह काजळीने अडकला असेल तर साफ करून भागते. नळी फुटलेली असेल, वायर तुटलेली असेल. सेन्सरही कधी खरेच गेलेला असतो, पण ते तपासून सांगा ना!

काहीजण पीयूसीच्या आदल्या दिवशी कोड पुसून घेतात. पीयूसीवाला दिवा मोजत नाही. उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून तो धुराची दाटी मोजतो, आणि कोड पुसल्याने धूर कमी होत नाही. (पांदणीच्या धुळीने एअर फिल्टर भरतो, तो आधी पाहा. त्याला यंत्र लागत नाही.) २०१९ च्या दुरुस्तीने धूर मर्यादेबाहेर गेल्यास दंड १०,००० रुपयांपर्यंत आहे.

तेव्हा गॅरेजात सांगा : कोड बिलावर लिहा, काय तपासले ते लिहा, आणि काढलेला जुना भाग आमच्या हातात द्या.