दम कोंडलेली गाडी

‘हायब्रीड’ हा शब्द आमच्या घरात प्रथम आला तो ज्वारीच्या पोत्याबरोबर. १९६४ साली संकरित ज्वारीचे सीएसएच-१ हे वाण प्रसृत झाले आणि पुढे केव्हातरी तिची भाकरी आमच्याही ताटात येऊन पडली. त्या भाकरीविषयीचे मातोश्रींचे मत आजतागायत बदललेले नाही. त्यामुळे २०२३ च्या दसऱ्यास आम्ही हायब्रीड मोटार घेतल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, “अरे, हायब्रीड कशाला आणलीस? चव नसते तिला.”

मोटार एका जपानी कंपनीची, २०१४ साली बनलेली, आणि मापकावर १,६२,००० किलोमीटर. सांवेर तालुक्यातील आमची शाळा घरापासून चौतीस किलोमीटरांवर. इंदूरहून तेथवर बसमध्ये उभ्याने जाण्याचे वय आता राहिलेले नाही. भविष्य निर्वाह निधीतून जी रक्कम काढली ती वस्तुतः कन्येच्या विवाहासाठी म्हणून मनात बाजूला ठेवलेली होती. “लग्न रजिस्टर करीन, पण तुम्ही गाडी घ्या,” असे तिनेच बजावले. तेव्हा ही मोटार बिघडली असती तर नुसते यंत्र बिघडले असते असे नव्हे, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

व्याकरणाचा मास्तर असल्यामुळे आम्ही ही मोटार समासावरून समजून घेतली. ज्या मोटारीत मुख्य काम पेट्रोलचे इंजिन करते आणि विजेचा लहानसा यंत्रभाग त्याला केवळ हातभार लावतो, ती ‘माइल्ड हायब्रीड’ म्हणजे तत्पुरुष. तिच्यात एकच पद प्रधान. आमची मोटार मात्र इतरेतर द्वंद्व. इंजिन आणि विद्युत् मोटर ही दोन्ही पदे प्रधान. कधी एक चालते, कधी दुसरे, चढावर दोन्ही. कल्पना नवी नाही. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० सालीच पेट्रोल आणि वीज एकत्र नांदविणारी गाडी बनविली होती. तथापि ती घरोघरी जाण्यायोग्य झाली डिसेंबर १९९७ मध्ये, जपानात टोयोटाची प्रियस विक्रीस आली तेव्हा. आपल्या देशात २००८ साली होंडाची सिव्हिक हायब्रीड आली, २०१० साली प्रियस, आणि २०१३ साली कॅम्री हायब्रीड. म्हणजे आज जुन्या बाजारात मिळणाऱ्या अशा मोटारींपैकी काहींचे वय दहा वर्षांच्या पलीकडे गेलेले आहे, आणि आमच्यासारखे पगारदार आता कोठे त्यांच्या वाट्यास जाऊ लागले आहेत.

मे २०२४ मध्ये तीर्थरूपांचे वर्षश्राद्ध होते. नर्मदेवर खेडीघाटास करावयाचे ठरले. मातोश्री मागील आसनावर. त्यांच्या शेजारी त्यांचे गाठोडे, म्हणजे सोवळे, दोन चादरी, तांब्या आणि न सांगता घेतलेल्या इतर बऱ्याच वस्तू. जाताना काही घडले नाही. परतताना दुपारी भेरूघाटाच्या चढावर मागून वाऱ्यासारखा घोंघावणारा आवाज येऊ लागला, समोरच्या फलकावर लाल त्रिकोण उजळला आणि मोटारीचे बळ एकाएकी सरले. मागे मालमोटारींची रांग, वर ऊन, आणि ८१ वर्षांच्या मातोश्री आत. कडेच्या झाडाखाली पाऊण तास थांबल्यावर त्रिकोण मावळला आणि आम्ही मुंगीच्या पावलांनी सिमरोल गाठले. मातोश्री वाटेत एवढेच म्हणाल्या, “पुढच्या वेळी मी बसनं येईन हो.” हे वाक्य आम्हांला लाल त्रिकोणापेक्षा अधिक लागले.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या कार्यशाळेत निदान झाले की मुख्य बॅटरी संपली, नवीन बसवा. किंमत आमच्या चार महिन्यांच्या वेतनाच्या घरात होती. आम्ही गाडी परत आणली आणि एका स्नेह्याच्या सांगण्यावरून जुन्या वस्तीतील एका मिस्त्रीकडे नेली. त्याने मागील आसनाच्या कडेची लहानशी जाळी काढली, विजेरीचा झोत आत टाकला आणि म्हणाला, “सर, गाडी बीमार नहीं है, उसका दम घुट रहा है.”

येथे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण अशा मोटारीच्या निगेचे मर्म याच जाळीत आहे. मोठी बॅटरी म्हणजे अनेक लहान घटांची माळ. तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये २८ खण असतात, प्रत्येक खणात सहा घट, प्रत्येक घट १.२ व्होल्टचा, म्हणजे १६८ घटांचे २०१.६ व्होल्ट. भरताना आणि रिकामे होताना हे घट तापतात. त्यांना थंड ठेवण्यासाठी एक पंखा मोटारीच्या आतलीच हवा त्या जाळीतून ओढून घेतो. जाळी तुंबली की हवा कमी, हवा कमी की उष्णता अधिक, आणि उष्णतेने घटांचे आयुष्य घटते. ताप मर्यादेबाहेर गेला की नियंत्रक यंत्रणा बॅटरीकडून काम घेणे आवरते, आणि द्वंद्व समासातले एक पद गळून पडते. आमच्या पंख्याची पाती पूर्वीच्या मालकाच्या कुत्र्याच्या केसांनी आणि माळव्याच्या धुळीने लोकरीसारखी मढलेली होती. त्यात त्या दिवशी जाळीच्या तोंडाशीच गाठोडे टेकलेले.

मिस्त्रीने प्रथम लहान बॅटरीची तार सोडविली, रबरी हातमोजे घालून मोठ्या बॅटरीची जोडणी तोडणारी खिट्टी उपसली आणि दहा मिनिटे नुसता बसून राहिला. आत साठलेली वीज ओसरू द्यावी लागते. नारिंगी आवरणाच्या तारा दिसतील तेथे हौशी गृहस्थाने हात घालू नये, हे त्याने आमच्या चिरंजिवांस दोनदा बजावले. मग ब्रशाने आणि हवेच्या झोताने पंखा स्वच्छ झाला. सर्व जोडून झाल्यावर त्याने संगणकयंत्र लावून खणांचे व्होल्ट तपासले. सगळे जवळपास सारखेच भरले. एखादा खण इतरांपेक्षा बराच खाली असता तर गोष्ट वेगळी होती. जुनी हायब्रीड घेणाऱ्याने हे आकडे सौद्यापूर्वी पाहावेत. रंग आणि आसनांची खोळ नंतर पाहावी. आम्ही नेमके उलट केले होते. हल्लीच्या काही नव्या हायब्रीडच्या बॅटरीस ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरांची हमी असते, यावरून आमची मोटार कोणत्या वयात आमच्या पदरी पडली हे कळावे.

जाळी आता आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी स्वतः झटकतो. पंखा वर्षातून एकदा मिस्त्री पाहतो.

दुसरी बॅटरी आहे ती नेहमीची, बारा व्होल्टची. तिला कोणी विचारीत नाही. पण शाळेत हेडमास्तर वेळेवर आले आणि किल्ल्या बाळगणारा शिपाईच आला नाही, तर प्रार्थना रस्त्यावर म्हणावी लागते. ही छोटी बॅटरी म्हणजे तो शिपाई. मोठी कितीही भरलेली असो, संगणकांना जागे करणारी ही निजली की मोटार हलत नाही. दिवाळीत आम्ही तीन आठवडे पुण्यास होतो. परतलो तो मोटार निर्जीव. मोटार उभीच राहणार असेल तर आठवड्यातून एकदा ती सुरू करून अर्धा तास तशीच चालू ठेवावी, किंवा शेजाऱ्यास किल्ली देऊन फिरवून आणावी. दुसऱ्या गाडीची वीज जोडताना धन-ऋण टोकांची अदलाबदल झाली तर त्यातील महागडी उपकरणे जळू शकतात, तेव्हा चष्मा लावूनच हे करावे. चारपाच वर्षांनी ती बदलून टाकलेली बरी.

शीतद्रव दोन असतात, हे आम्हांस ठाऊक नव्हते. एक इंजिनाचा आणि दुसरा विजेचे रूपांतर करणाऱ्या इन्व्हर्टरचा. भांडी वेगळी, पंपही वेगळा. मोटार चालू असताना दुसऱ्या भांड्यातील द्रव हलताना दिसला पाहिजे. तो निपचित असेल तर पंप गेला असे समजावे. नळाचे पाणी दोहोंतही घालू नये.

ब्रेकची गंमत निराळी. वेग कमी होताना विद्युत् मोटरच जनित्र बनून वीज निर्माण करते, त्यामुळे ब्रेकच्या गाद्या फारच कमी झिजतात. म्हणून चाक कोणी उघडीत नाही. न उघडल्याने आतल्या सरकत्या पिना गंजतात. सांवेरच्या रस्त्यावरील काळी माती पावसाळ्यात तेथे जाऊन घट्ट बसते. मिस्त्रीने आमच्या मागील डाव्या चाकाची पीन हातोडीने काढली. आता पावसाळ्यानंतर चारही चाके उघडून वंगण देतो, आणि ब्रेकचे तेल दोन वर्षांनी बदलतो, कारण ते हवेतील ओल शोषून घेते.

इंजिनाचे तेल पातळ जातीचे असते. पुस्तिकेत लिहिलेलेच घालावे, दाट घालून गाडीवर उपकार करू नयेत. वयस्क इंजिन तेल पितेही, म्हणून पातळी दर पंधरवड्यास पाहावी. गिअरच्या तेलाविषयी अनेक पुस्तिकांत ‘तपासा’ एवढेच असते. आमचे निघाले ते काकवीसारखे. एक लाख किलोमीटरांच्या आसपास ते बदलावे हे मिस्त्रीचे मत आम्हांस पटते. पेट्रोल मात्र कधीही पूर्ण संपू देऊ नये: गाडी मग मोठ्या बॅटरीवर चालत राहते आणि तीही रिती झाली की साध्या चार्जरने काम भागत नाही. गर्दीत फार वेळ थांबायचे असेल तर न्यूट्रलमध्येही ठेवू नये, कारण त्या अवस्थेत मोठी बॅटरी भरली जात नाही.

या सर्व उठाठेवीस जो खर्च आला तो नव्या बॅटरीच्या दशांशाहून कमी होता. मध्यंतरी लिटरला पंधरावर घसरलेली मोटार पुन्हा अठरा किलोमीटर देऊ लागली. कन्येच्या विवाहाची बोलणी चालू आहेत.

गाठोड्याची गोष्ट मातोश्रींना सांगावयाची नाही, असे आम्ही घरात ठरविले होते. पुढील वर्षी श्राद्धास निघालो तेव्हा त्या बसचे नाव न काढता मागच्या आसनावर जाऊन बसल्या. चिरंजिवांच्या पोटात बहुधा काही राहिले नसावे, कारण गाठोडे इंदूरपासून खेडीघाटापर्यंत त्यांनी मांडीवर धरले होते. चोरलला चहासाठी थांबलो तेव्हाही ते त्यांनी खाली ठेवले नाही.