तारण कोणाचे?



‘तारण’ हा शब्द आपल्या व्यापारी मंडळींच्या रोजच्या परिचयाचा. कर्ज घेताना सोने, माल अथवा मालमत्ता बँकेकडे ठेवावी लागते, ते तारण. मराठी ख्रिस्ती बांधव हाच शब्द पापमुक्तीसाठी, मोक्षासाठी योजतात. आपल्यापैकी अनेकांची नातवंडे मिशनच्या शाळांत शिकतात आणि घरी येऊन विचारतात, ‘येशूवर विश्वास न ठेवणाऱ्यांचे त्यांच्या मते काय होते?’ ‘सारे नरकात जातात’ असे एका वाक्यात उत्तर देणे सोपे आहे. परंतु तो त्या धर्मावर अन्याय होईल. कारण खुद्द ख्रिस्ती विचारवंतांतच हा वाद सुमारे अठराशे वर्षे चालू आहे.

त्या धर्माची मूळ धारणा अशी की, मनुष्य केवळ स्वतःच्या सत्कृत्यांनी पापाचे ऋण फेडू शकत नाही. येशूने क्रूसावर प्राण देऊन ते फेडले. आपल्या भाषेत सांगायचे तर जामीनदाराने कर्ज चुकते केले. आता ही माफी सर्व खात्यांना आपोआप लागू होते, की प्रत्येक खातेदाराने ती स्वतः स्वीकारावी लागते? वादाचे मूळ येथे आहे.

तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने असा विचार मांडला की, शिक्षा ही शुद्धीसाठी असते आणि अखेरीस सर्व आत्मे ईश्वराकडे परततील. पुढे ऑगस्टीनने याच्या नेमके उलट प्रतिपादन केले : ईश्वराने निवडलेल्यांनाच तारण लाभते. इ. स. ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेने तर ओरिजेनची गणना पाखंडी लोकांत केली. १५१७ मध्ये सुधारणेची चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने विश्वासालाच तारणाचा आधार मानले. कॅथलिक चर्चने मात्र १९६४ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, असे मान्य केले की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रामाणिक अंतःकरणाने ईश्वराचा शोध घेतात व सदसद्विवेकाने वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. सर्वांचे तारण निश्चित आहे असे हे म्हणणे नव्हे. पण दार बंद नाही, एवढे त्यातून स्पष्ट होते. अनेक प्रोटेस्टंट पंथ आजही व्यक्तिगत विश्वासाचा आग्रह सोडत नाहीत.

हा आग्रह म्हणजे केवळ नावनोंदणी नव्हे, हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून कळते. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. परंतु पुढे त्यांनीच लिहून ठेवले की, तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो अनुभव काही वर्षांनंतर आला. केडगावच्या त्यांच्या संस्थेचे नाव ‘मुक्ती’ आहे, हेही लक्षात घेण्याजोगे.

आपल्या दर्शनात जामीनदाराला स्थान नाही. तीर्थंकर मार्ग दाखवितात. कर्माचे खाते ज्याचे त्यानेच संवर-निर्जरेने मिटवावयाचे. तरीही ‘मोक्ष सर्वांना का?’ हा प्रश्न आपल्यालाही चुकलेला नाही. आपल्या शास्त्रांनी भव्य आणि अभव्य असे जीवांचे भेद सांगितले. अभव्य जीवाला मोक्ष कधीच नाही. दुसरीकडे श्वेतांबर परंपरेने सिद्धांचे प्रकार सांगताना ‘अन्यलिंगसिद्ध’ही मानले, म्हणजे अन्य संप्रदायाच्या वेषात असलेल्या जीवालाही सिद्धपदाची शक्यता दिली. कठोरता आणि उदारता दोन्हीकडे आहेत.

म्हणून नातवंडांना सांगावे : त्यांच्यात याविषयी एकमत नाही, आणि प्रत्येक मतामागे एक खरी चिंता आहे. एकाला ईश्वराची करुणा अपुरी पडू नये असे वाटते, दुसऱ्याला मनुष्याची जबाबदारी पुसली जाऊ नये असे वाटते. दुसऱ्याच्या म्हणण्यातील सत्यांश शोधणे हाच अनेकांत होय.

आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारावा. बाप्तिस्म्याने ख्रिस्त मिळत नाही असे रमाबाई म्हणाल्या. मग केवळ जैन कुळात जन्मल्याने सम्यक्त्व मिळते काय? पर्युषणातील उपवासांची गणती आपण चोख ठेवतो. पण वजनकाट्यावर आणि वहीत आपली श्रद्धा कितपत उतरते, याचा हिशेब आपला आपणच तपासावयाचा आहे. तेथे दुसऱ्या कोणाची सही चालत नाही.