विश्लेषण : जुन्या गाडीचा ‘ओरिजिनल’ रेडिएटर शोधायचा की आहे तोच वाचवायचा?

अकोल्याहून अमरावतीकडे निघालेली जुनी फियाट मूर्तिजापूरच्या अलीकडे बॉनेट उघडून उभी दिसली, की वऱ्हाडात कुणाला कारण विचारावे लागत नाही. गाडी गरम झाली. मग मालकाला दोन सल्ले मिळतात. मुंबईहून ओरिजिनल रेडिएटर मागवा, नाहीतर ॲल्युमिनियमचा बसवा आणि मोकळे व्हा. तिसरा सल्ला सहसा कुणी देत नाही आणि बहुतेक वेळा तोच बरोबर असतो : आहे तोच रेडिएटर आधी खोलून पाहा.

गाडी मे महिन्यातच का उकळते?

इंजिनाची उष्णता पाण्यामार्फत हवेत सोडणे हे रेडिएटरचे काम. पाणी आणि हवा यांच्या तापमानात जितका फरक, तितकी उष्णता बाहेर पडते. पाणी ९० अंशांवर आणि हवा ३० अंशांवर असेल, तर फरक ६० अंशांचा. पारा ४५ वर गेला की उरतो ४५ अंशांचा. म्हणजे काहीही न बिघडता रेडिएटरची पाव ताकद गेली. त्यात जाळीत धूळ आणि कापसाचे तंतू अडकलेले असतील, तर आणखी गेली. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस विक्रम झाला. रस्ता गुळगुळीत झाला, गाड्या सलग वेगात पळू लागल्या. जुन्या ॲम्बेसेडरचा रेडिएटर मात्र होता तोच राहिला.

दोष फक्त उन्हाचा आहे का?

नाही, पाण्याचाही आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात पसरलेला खारपाणपट्टा शेतकऱ्याला पक्का ठाऊक असतो. गाडीचा मालक मात्र तो विसरतो. वाटेत गाडी तापली की जवळच्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी डब्याने ओतले जाते. पाणी वाफ होऊन निघून जाते, क्षार नळ्यांत राहतात. खाऱ्या पाण्याने इंजिनातले लोखंड गंजते आणि तो गंजही त्याच चपट्या नळ्यांत येऊन बसतो. बाहेरून धडधाकट दिसणारा रेडिएटर आतून निम्माच चालत असतो. अशा वेळी दुसरा ‘ओरिजिनल’ आणून त्यात पुन्हा तेच पाणी ओतले, तर त्याचीही गत तीच होते. डिस्टिल्ड पाणी आणि तांब्या-पितळेला चालणारे कुलंट (डब्यावर तसे लिहिलेले पाहूनच) हा त्यावरचा सर्वात स्वस्त इलाज आहे.

खोलून नेमके काय करतात?

जुना रेडिएटर झाळून जोडलेला असतो, म्हणूनच तो उघडता येतो. कारागीर टाकी तापवून वेगळी करतो, एकेका नळीतून पातळ सळई फिरवून क्षार काढतो आणि टाकी पुन्हा झाळतो. मग तोंडे बंद करून रेडिएटर हौदात बुडवायचा आणि आत हवा भरायची. बुडबुडा आला, तिथे गळती. नळ्याच कुजल्या असतील, तर मधली जाळी, म्हणजे कोअर, नवी घालायची. पितळी टाक्या, तोटी आणि बसवण्याच्या पट्ट्या मूळच्याच ठेवायच्या. नळ्यांच्या रांगा मात्र मूळइतक्याच हव्यात. पैसे वाचवायला एक रांग कमी केलेली जाळी वऱ्हाडातला उन्हाळा काढत नाही. टोपणही जपून निवडावे. आजच्या गाड्यांचे जास्त दाबाचे टोपण जुन्या रेडिएटरवर बसवले, तर सांधे उकलतात.

जाळी बदलली की गाडी ‘ओरिजिनल’ राहिली नाही, असे म्हणणारे शौकीन आहेत. त्यांचा हट्ट चुकीचा आहे. जाळी ही झिजणारीच वस्तू. गाडीची ओळख टाकीच्या घडणीत आणि तिच्यावरच्या शिक्क्यात असते. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरील दुचाकी-चारचाकीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, ती दहा वर्षांसाठी असते आणि तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. त्या नियमांतही मोठ्या फेरबदलाची मनाई चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांपुरती आहे. रेडिएटरचा उल्लेख नाही. १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ हे नाव मिळालेल्या फियाटची पहिली तुकडी आता या वयात आली आहे.

मुंबईहून का मागवू नये?

पद्मिनी कुर्ल्यात बनत होती आणि मुंबईच्या टॅक्सींमुळे तिचे सुटे भाग वर्षानुवर्षे फिरत राहिले. २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३ मध्ये संपली आणि तो ओघ आटला. आता जे मिळते, ते बहुधा दुसऱ्या गाडीतून काढलेले, तितकेच बुजलेले.

खरी टंचाई कारागिराची आहे. प्लास्टिकच्या टाकीचा ॲल्युमिनियम रेडिएटर फुटला की बदलतात, झाळत नाहीत. झाळकाम टिकले आहे ते जुने ट्रॅक्टर, ट्रक आणि जनरेटर यांच्यावर. शिशाचा धूर आणि ॲसिडची वाफ अंगावर घेऊन करायचे हे काम. पुढची पिढी त्यात उतरत नसेल, तर तिला दोष कसा द्यायचा? पण जुन्या गाडीवर रंगाला आणि सीटकव्हरला सढळ हाताने खर्च करणारा मालक याच कारागिराशी शे-दोनशेसाठी घासाघीस करतो, हे मात्र खटकते.

भर उन्हाळ्यात रोज अकोला-अमरावती करणाऱ्याने ॲल्युमिनियमचा रेडिएटर बसवला, तर त्यात गैर काही नाही. फक्त उतरवलेला जुना रेडिएटर धुऊन, वाळवून, तोंडे बंद करून माळ्यावर ठेवावा. भंगारवाला त्याचा भाव तांब्या-पितळेच्या वजनावर लावतो आणि नव्या जाळीला लागणाऱ्या दोन्ही टाक्या त्यातच वितळून जातात.