तोंड आले म्हणून लगेच गोळी नको!

जबलपूरच्या राइट टाउनमधले एखादे मराठी घर डोळ्यांसमोर आणा. आजोबांच्या गालात आतल्या बाजूने कर्करोग निघाला आहे. रेडिएशन सुरू होऊन तिसरा आठवडा लागला आणि त्यांचे तोंड आले. वरणभाताचा घाससुद्धा झोंबतो. सूनबाई हवालदिल! नागपूरहून आत्याबाईंचा फोन येतो, 'बी-कॉम्प्लेक्स द्या.' शेजारी ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल सुचवतात. जावईबापू झिंकच्या गोळ्या आणि ग्लुटामाइनची पावडर घेऊन येतात. चार दिवसांत फळीवर बाटल्यांची रांग लागते. प्रत्येकाच्या मनात मायाच आहे. पण यातले काय द्यावे आणि काय देऊ नये?

तोंड का येते?

एरवी तोंड आले की आपण जागरण, पोट साफ नसणे किंवा ब जीवनसत्त्वाची कमतरता अशी कारणे शोधतो. कर्करोगाच्या उपचारात मात्र गोष्ट वेगळी असते. तोंडाच्या आतले नाजूक अस्तर आठ-पंधरा दिवसांत नवे होत असते. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालणे हेच किरणांचे आणि केमोथेरपीचे काम. त्या तडाख्यात कर्करोगाबरोबर हे अस्तरही सापडते. केमोथेरपीनंतर साधारण ५ ते १० दिवसांत, तर रेडिएशनमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटते. उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ते भरूनही येते. म्हणजे मूळ कारण जीवनसत्त्वांचा अभाव नाही. म्हणूनच केवळ जीवनसत्त्वाची गोळी घेऊन ते टळेल, असे समजू नये.

ढाल नेमकी कोणाची?

'फायदा नाही झाला, तरी तोटा काय?' असे आपण सहज म्हणतो. इथे तोटा होऊ शकतो. कॅनडातील क्वेबेक प्रांतात डोके व मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांवर ई जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटिन यांची चाचणी झाली. २००५ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गोळ्या घेणाऱ्यांना रेडिएशनचा तीव्र त्रास खरोखरच कमी झाला. पण गोळ्या चालू असतानाच्या काळात दुसरा कर्करोग उद्भवण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. पुढे ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये मृत्यूही अधिक आढळले. जी ढाल तोंडाला वाचवते, ती कर्करोगालाही वाचवत असेल तर?

बी-कॉम्प्लेक्सचेही तसेच. त्याच्या अनेक कॅप्सूलमध्ये फोलिक ॲसिड असते. फ्लुरोयुरॅसिल किंवा कॅपेसिटाबिन ही कर्करोगाची औषधे चालू असतील, तर फोलिक ॲसिडने त्यांचे दुष्परिणाम वाढू शकतात, आणि तोंड येणे हा त्यातलाच एक! म्हणजे ज्यासाठी गोळी घेतली, तेच वाढायचे.

मग उपयोगी काय?

साहाय्यक उपचारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०२० मध्ये याबाबत मार्गदर्शन केले. डोके व मानेच्या कर्करोगासाठी रेडिएशन आणि केमोथेरपी एकत्र चालू असेल, तर तोंडावाटे घेण्याच्या ग्लुटामाइनचा विचार करता येतो, असे ते सांगतात; पण जपून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या रुग्णांना हेच ग्लुटामाइन शिरेतून देऊ नये, असेही त्यांनी बजावले आहे. झिंकविषयी मात्र ठाम शिफारस करण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही.

मधाच्या बाजूने काही पुरावा आहे. मलेशियात ४० रुग्णांवर झालेल्या एका छोट्या चाचणीत रेडिएशनच्या आधी आणि नंतर मध तोंडात घोळवून हळूहळू गिळायला दिला, तेव्हा तोंड गंभीरपणे येण्याचे प्रमाण बरेच कमी झाले. मात्र मधुमेह असेल किंवा पांढऱ्या पेशी फार उतरल्या असतील, तर विचारल्याशिवाय मध नको.

फ्लुरोयुरॅसिलचे इंजेक्शन थोड्या वेळात शिरेतून दिले जाते, तेव्हा सुमारे अर्धा तास बर्फाचे खडे चघळणे हा स्वस्त आणि सिद्ध उपाय आहे. थंडीने तोंडातील रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तिथे कमी पोचते. परंतु सोबत ऑक्झॅलिप्लॅटिन असेल, तर थंड पदार्थ बाधतात. तेव्हा हेही आधी विचारूनच करावे.

स्वयंपाकघरातली मदत

तोंडाची खरी राखण रोजच्या सवयींत आहे. उपचारापूर्वी दात तपासून घ्यावेत. ब्रश मऊ असावा. ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भराव्यात. पाणी गिळू नये. तंबाखू, गुटखा, विडी आणि दारू पूर्ण बंद!

वजन उतरू न देणे फार महत्त्वाचे. मऊ तूपभात, मुगाचे घट्ट वरण, नाचणीची खीर, मऊ उकडलेले अंडे, कुस्करलेले पनीर असे पदार्थ थोडे थोडे, पण पुन्हा पुन्हा द्यावेत. सगळे कोमटच असावे. लोणचे, लिंबू, संत्रे, तिखट रस्सा आणि कुरकुरीत चिवडा काही दिवस दूर ठेवावा. आठवड्याला एकदा वजन करून वहीत लिहावे.

ताप आला, तोंडात पांढरा थर जमला, रक्त येऊ लागले किंवा पाणीही गिळवेना, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आणि फळीवरच्या त्या बाटल्या? त्या फेकू नका आणि उघडूही नका. पुढच्या खेपेला सगळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. आयुर्वेदिक काढा असेल, तर तोही त्यातच घाला. आत्याबाईंना वाईट वाटणार नाही. आजोबा बरे व्हावेत, एवढेच तर त्यांनाही हवे आहे.