तिसरा सोमवार आपलाही आहे

जानेवारीचा तिसरा सोमवार जवळ आला की अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांत बेत सुरू होतात. मुलांना शाळा नाही, दुकानांत सेल, जमलं तर बर्फात दोन दिवस. सुट्टी कशाची? ‘मार्टिन ल्यूथर किंगची,’ एवढ्यावर विषय संपतो. तो संपू देऊ नका, मंडळी.

१९६५ सालचा तिसरा सोमवार आठवू या. १८ जानेवारी. अलाबामातल्या सेल्मा गावी कोर्टाच्या इमारतीपाशी शेकडो कृष्णवर्णीय माणसं किंग यांच्यासोबत आली होती. मागणं एकच, मतदारयादीत नाव घाला. नोंदणीचं ऑफिस महिन्यातून दोनच दिवस उघडायचं. आत पोचलं तरी राज्यघटनेवरचे किचकट प्रश्न, आणि उत्तर बरोबर की चूक हे गोरा अधिकारी ठरवणार. त्या दिवशी एकाचंही नाव लागलं नाही.

चार दिवसांनी शंभराहून अधिक शिक्षक त्याच कोर्टाच्या पायऱ्यांवर आले. नोकरी जाण्याची भीती होती, तुरुंगाची होती. त्यांनी टूथब्रश सोबत आणले होते, रात्र कोठडीत काढावी लागली तर असावेत म्हणून! मास्तर आणि बाई रस्त्यावर उतरले म्हणताच विद्यार्थीही उतरले. ७ मार्चला सेल्माच्या पुलावर आंदोलकांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. ६ ऑगस्टला मतदान हक्क कायदा झाला.

आणि याच चळवळीच्या रेट्याने ३ ऑक्टोबर १९६५ला इमिग्रेशनचा नवा कायदा आला. त्याआधी भारतीयांचा कोटा होता वर्षाला १००! आपल्यातले कितीतरी जण इथे आले, ते या उघडलेल्या दारातून. म्हणजे ही सुट्टी परक्याची नाही. तिचं ऋण आपल्या डोक्यावर आहे.

मिळालेला हक्क आपोआप टिकत नाही. मतदान हक्क कायद्यानुसार भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी लागायची. २०१३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती अट निष्प्रभ झाली. आपलं लक्ष नसेल, तर असे बदल आपल्याला कळणारही नाहीत.

मग आपण काय करायचं? पुष्कळ करता येतं.

नागरिक असाल तर सुट्टीच्या सकाळी आपली मतदार नोंदणी तपासा, शेजाऱ्यालाही सांगा. स्कूल बोर्डाच्या निवडणुकीलाही मत द्या. मतदान केंद्रावर काम करायला नाव द्या. अनेक राज्यांत सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनाही ते करता येतं. ग्रीन कार्डवर किंवा व्हिसावर असाल तरी स्कूल बोर्डाच्या बैठकीला बसता येतं, फूड बँकेत हातभार लावता येतो. १९९४पासून हा दिवस सेवेचा दिवस म्हणूनही पाळला जातो. महाराष्ट्र मंडळांनी पुढाकार घ्यावा.

आणि मुलांना सेल्मासोबत महाडचं चवदार तळंही सांगा. १९५९मध्ये केरळच्या एका शाळेत किंग यांची ओळख ‘अमेरिकेतले अस्पृश्य’ अशी करून दिली गेली. आधी ते चमकले, मग त्यांना ती ओळख पटली. न्याय फक्त इतरांकडून मागायचा नसतो. आपल्या घरात, आपल्या मंडळात जात अजून कुठे लपली आहे, तेही त्या दिवशी विचारू या.

सेल्माच्या शिक्षकांनी तुरुंगाची तयारी ठेवली होती. आपल्याला फक्त एक सकाळ द्यायची आहे. येत्या तिसऱ्या सोमवारी ती देऊ या.